खरखर फाइलमध्ये आहे की फक्त ऐकताना येते?

दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका गटात मी संकलनाचं काम करते. वाचणारी मंडळी आपापल्या घरून वाचतात, फाइल माझ्याकडे येते, मी चुकलेली वाक्यं कापते, आवाज साफ करते आणि पुढे पाठवते. संकलनाला नवीन आलेल्या बहुतेकांचा पहिल्या आठवड्यातला प्रश्न एकच असतो. "ताई, टकटक येतेय, खरखर येतेय, कुठलं बटण दाबू?" मी सांगते, अजून कुठलंच दाबू नका. ती खरखर राहते कुठे ते आधी शोधू.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका निवृत्त शिक्षिका काकूंनी आठवीच्या इतिहासाचा ४० मिनिटांचा धडा वाचून पाठवला होता. हेडफोनमध्ये मला बारीक चर्रर्र ऐकू आली. मी नॉइज रिडक्शन (खरखर कमी करणारा इफेक्ट) लावलं, समाधान झालं नाही म्हणून पुन्हा लावलं आणि मूळ फाइलवरच सेव्ह केलं. काकूंचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला. चर्रर्र मात्र तशीच राहिली, कारण ती हेडफोनच्या पिनेत होती. पिन जरा फिरवली की थांबायची. काकूंनी त्यांच्याकडची फाइल जागा करण्यासाठी पुसून टाकली होती, त्यामुळे अख्खा धडा त्यांना परत वाचावा लागला. "वाचते की, त्यात काय," एवढंच त्या म्हणाल्या. पण सत्तरीतल्या माणसाने ४० मिनिटं एका लयीत वाचायचं म्हणजे घशाला काय पडतं ते मला कळतं. तेव्हापासून आलेली प्रत्येक फाइल मी आधी 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते आणि काम तिच्या नकलेवर करते. तुम्हीही इथूनच सुरुवात करा.

पुढची उदाहरणं ऑडॅसिटीची आहेत, कारण ते फुकट आहे आणि नवशिक्यांच्या संगणकात बहुधा तेच असतं. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर मेन्यूंची नावं बदलतील, बाकी सगळं लागू पडेल.

पहिली परीक्षा: तीच जागा तीनदा ऐका

टक् असा आवाज आला की थांबा आणि वेळ लिहून घ्या, समजा ३ मिनिटं १२ सेकंद. पाच सेकंद मागे जाऊन तोच तुकडा ऐका. मग पुन्हा एकदा. तिन्ही वेळा त्याच अक्षरावर टक् झालं तर दोष फाइलमध्ये आहे. एकदा या शब्दावर, एकदा त्या शब्दावर, एकदा झालंच नाही, असं असेल तर फाइल चांगली आहे आणि बिघाड ऐकवण्याच्या वाटेवर आहे: संगणक, हेडफोन, वायर, सेटिंग.

खात्री हवी असेल तर तो दहा सेकंदांचा तुकडा डब्ल्यूएव्ही फाइल म्हणून एक्स्पोर्ट करा आणि मोबाइलवर ऐका. मोबाइलवर स्वच्छ असेल तर शंका मिटली. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. सततची घूंऽऽ किंवा सूंऽऽ असेल तर तीनदा ऐकून काही कळत नाही, ती सगळीकडेच असते. अशा वेळी प्ले थांबवा. प्ले थांबल्यावरही घूंऽऽ चालूच असेल तर ती हेडफोनच्या किंवा स्पीकरच्या बाजूची आहे.

मग पडद्यावर दिसणारी आवाजाची लाट डोळ्यांनी बघा. ४४,१०० हर्ट्‌झवर ध्वनिमुद्रण केलं असेल तर एका सेकंदाच्या आवाजाची ४४,१०० मापं घेतलेली असतात. झूम करत गेलात की शेवटी ही मापं सुटे ठिपके म्हणून दिसू लागतात. तिथे दोष ओळखता येतो. एखाददुसरा ठिपका रेषेबाहेर काट्यासारखा उभा असेल तर ते क्लिक. लाट मध्येच तुटून भलत्याच उंचीवरून पुढे सुरू झाली असेल तर तिथला तुकडा गळालेला आहे. आणि लाटेचे शेंडे पाचगणीच्या टेबललँडसारखे सपाट असतील तर आवाज ध्वनिमुद्रणातच फाटलेला आहे.

ट्रॅकच्या नावावर क्लिक करून स्पेक्ट्रोग्राम (खालचे स्वर तळाशी आणि वरचे स्वर वर दाखवणारं आवाजाचं चित्र) निवडलात तर चित्र आणखी स्पष्ट होतं. क्लिक तिथे उभ्या रेघेसारखं दिसतं, विजेची घूंऽऽ तळाशी आडव्या रेघांसारखी आणि सूंऽऽ सगळीकडे पसरलेल्या धुक्यासारखी. नवीन माणसाला मी पहिले दोन दिवस फक्त हेच बघायला लावते.

दोष फक्त ऐकताना येत असेल तर

संगणकाला आवाज अखंड पुरवता येत नाही. त्याच्यामागे इतर शंभर कामं असतात, त्यामुळे तो आवाजाचा थोडा साठा आधीच भरून ठेवतो. या साठ्याला बफर म्हणतात. आपल्याकडे नळाला ठरावीक वेळी पाणी येतं आणि गच्चीवरच्या टाकीमुळे ते दिवसभर मिळतं, तसंच हे आहे. टाकी लहान असेल आणि पाणी जरा उशिरा आलं तर नळ फस्‌फस्‌ करत हवा सोडतो. आवाजातली टकटक म्हणजे ही हवा.

आकड्यांत सांगायचं तर ४४,१०० हर्ट्‌झवर १२८ मापांचा बफर जेमतेम २.९ मिलिसेकंद पुरतो आणि १,०२४ मापांचा सुमारे २३ मिलिसेकंद. संकलन करताना २३ मिलिसेकंद उशीर तुम्हाला जाणवणारही नाही, तेव्हा बफर मोठाच ठेवा. ऑडॅसिटीत प्रेफरन्सेसमधल्या ऑडिओ सेटिंग्जमध्ये 'बफर लेंग्थ' मिलिसेकंदांत लिहिलेली असते. कोणी सांगितलं म्हणून ती कमी केली असेल तर परत १०० किंवा त्याहून जास्त करा. बफर लहान लागतो तो गाणाऱ्याला स्वतःचा आवाज संगणकातून फिरून कानात हवा असेल तेव्हा. तिथेही ऑडिओ इंटरफेसवर (माइक आणि संगणक यांना जोडणाऱ्या डबीवर) डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल तर ते वापरावं, कारण मग आवाज संगणकात न जाता थेट कानात येतो.

बफर वाढवूनही टकटक थांबत नसेल तर या क्रमाने जा. वायरचा दुसरा हेडफोन लावून बघा. ब्राउझरचे टॅब, क्लाउडवर फाइली चढवणारी ॲप्स, मागे चाललेलं अपडेट बंद करा. लॅपटॉप बॅटरी सेव्हरवर असेल तर प्रोसेसर मुद्दाम हळू चालतो, तो मोड काढा. विंडोजमध्ये साउंडच्या सेटिंग्जमधली ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करा, संकलनात त्यांचा उपयोग शून्य आहे. शेवटी वाय-फाय पाच मिनिटं बंद ठेवून ऐका. हे ऐकून लोक चकित होतात, पण वाय-फायचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, प्रोसेसरला काही मिलिसेकंद अडवून धरू शकतो, आणि तेवढ्यात टाकी रिकामी होते. विंडोजवर लेटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअर काही मिनिटं चालू ठेवलं की कुठला ड्रायव्हर अडवतोय त्याचं नाव ते दाखवतं. मग तो ड्रायव्हर अद्ययावत करायचा, किंवा काम चालू असेपर्यंत ते उपकरण बंद ठेवायचं.

ब्लूटूथ हेडफोनबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण त्यावरून सर्वात जास्त घाबरलेले फोन येतात. "ताई, अचानक सगळा आवाज जुन्या टेलिफोनसारखा झाला!" ब्लूटूथच्या दोन पद्धती असतात. एकीत फक्त ऐकायचं असतं, तिथे दर्जा चांगला मिळतो. दुसरीत ऐकायचं आणि बोलायचंही असतं, तिथे दर्जा फोन कॉलवर घसरतो. संकलनाच्या सॉफ्टवेअरने हेडफोनचा माइक इनपुट म्हणून उघडला की दुसरी पद्धत आपोआप सुरू होते. इनपुट म्हणून लॅपटॉपचा माइक निवडा, ऐकण्याचा दर्जा परत येईल. संकलनाला मात्र वायरचाच हेडफोन घ्यावा असं माझं ठाम मत आहे. साधा असला तरी चालेल.

आवाज पट्टी बदलून येत असेल, म्हणजे बारीक आणि घाईघाईचा, किंवा जाड आणि रेंगाळणारा, तर सँपल रेट, म्हणजे सेकंदाला किती मापं तो आकडा, जुळत नाहीये. ४४,१०० ची फाइल ४८,००० ची समजून वाजवली तर ४० मिनिटांचा धडा ३६ मिनिटं ४५ सेकंदांत संपतो, आणि काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधे कुठेतरी जाऊन बसतं. विंडोजमधल्या उपकरणाचा डिफॉल्ट फॉरमॅट, इंटरफेसचं सेटिंग आणि प्रोजेक्टचा रेट, तिन्ही ठिकाणी एकच आकडा ठेवा. नुसतं वाचन असेल तर ४४,१००, व्हिडिओला जोडायचं असेल तर ४८,०००.

घूंऽऽ: विजेचा आवाज

आता फाइलमध्ये खरोखर असलेले दोष. त्यांत घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना सर्वात जास्त छळते ती विजेची घूंऽऽ. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्‌झची असते, म्हणून हा आवाज ५०, १००, १५० अशा पायऱ्यांवर येतो. घरात पेटी असेल तर तिच्यावर शोधा, तो पांढरी पाचच्या किंचित वर सापडेल. असा आवाज सापडला की उगम विजेचा आहे हे नक्की.

तो कुठून शिरतोय हे शोधायची माझी पद्धत साधी आहे. रेकॉर्ड सुरू ठेवायचं, एकेक गोष्ट बंद करायची आणि प्रत्येक वेळी माइकमध्ये बोलून सांगायचं: "आता चार्जर काढला." दहा सेकंद गप्प बसायचं. "आता पंखा बंद केला." पुन्हा दहा सेकंद. "आता ट्यूब बंद." नंतर स्पेक्ट्रोग्राममध्ये तळाच्या रेघा कुठे नाहीशा झाल्या ते बघायचं आणि त्याच्या आधीचं आपलंच वाक्य ऐकायचं. गुन्हेगार कोण ते तुमच्याच आवाजात नोंदलेलं असतं. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदललीत तर काहीच कळलं नाही असं समजा.

माझ्या अनुभवात पहिला संशयित लॅपटॉपचा चार्जर. बॅटरी पूर्ण भरून घ्या आणि चार्जर काढून वाचा, बऱ्याच घरांत एवढ्यानेच काम भागतं. दुसरा संशयित पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. तो विजेची लाट कापून वेग कमी करतो, त्यामुळे पंखा मधल्या वेगावर असताना जास्त गुणगुणतो. तिसरा इन्व्हर्टर. वीज गेल्यावर सुरू होणारे स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लाटेची वीज देतात आणि तिच्यात वरचे स्वर भरपूर असतात, म्हणून आवाज नुसता घूंऽऽ न राहता झर्रर्र असा येतो. वीज नसताना लॅपटॉप बॅटरीवर चालवा आणि इन्व्हर्टरच्या बोर्डापासून लांब बसा.

लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर घूंऽऽ कमी-जास्त होत असेल तर अर्थिंगची गडबड आहे. इथे एक गोष्ट मनापासून सांगते. घूंऽऽ जावी म्हणून थ्री-पिन प्लगची वरची जाड पिन काढू नका आणि टू-पिनचा जुगाडही करू नका. ती पिन तुमचा जीव वाचवण्यासाठी आहे. अर्थिंग नसेल तर वायरमनला बोलवा. तोपर्यंत संगणक, इंटरफेस आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावा, कारण वेगवेगळ्या बोर्डांवरून वीज घेतलेली उपकरणं ऑडिओच्या वायरने जोडली की त्यांच्यात घूंऽऽचा फेरा तयार होऊ शकतो.

माइकच्या शेजारी मोबाइल असेल तर कॉल यायच्या आधी टर्र-टर्र-ट्ट असा आवाज शिरतो. २जी नेटवर्कवरचा फोन सेकंदाला साधारण २१७ झटक्यांत बोलत असतो, तेच झटके माइकची वायर पकडते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. सायलेंट करून उपयोग नाही, एअरप्लेन मोड लागतो.

फाटलेला आवाज आणि गळालेले तुकडे

फाटलेल्या आवाजाचं कारण एकच, लेव्हल जास्त. मीटरवर शून्य डेसिबल हे छत आहे आणि त्याच्या वरचं काही नोंदलंच जात नाही. वाचताना सर्वात जोराची अक्षरं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहतील असा गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते सेटिंग) ठेवा. ऑडॅसिटीच्या व्ह्यू मेन्यूत 'शो क्लिपिंग' चालू केलंत की छताला टेकलेल्या जागा लाल दिसतात. चार-दोन जागा असतील तर क्लिप फिक्स हा इफेक्ट शेंड्यांचा अंदाज बांधून देतो. पानभर लाल असेल तर परत वाचून घेण्याला पर्याय नाही. उलट लेव्हल फार कमी ठेवून नंतर वाढवलीत तर तिच्याबरोबर सूंऽऽ पण वाढते. विंडोजचा 'मायक्रोफोन बूस्ट' त्याच कारणासाठी शून्यावर ठेवा आणि माइकच्या जवळ बसा. एक वीत अंतर, तोंडाच्या किंचित बाजूला.

गळालेले तुकडे म्हणजे टाकी दुसऱ्या बाजूने ओसंडणं. माइककडून आवाज येत राहिला आणि संगणकाने तो वेळेवर उचलला नाही. ऑडॅसिटी असे गळके प्रसंग पकडून ट्रॅकखाली लेबल लावतं, ती लेबलं पुसू नका. गळालेलं अक्षर कुठल्याही इफेक्टने परत येत नाही, तेवढं वाक्य पुन्हा वाचून घ्यायचं. यूएसबी माइक हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावा. प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर किंवा क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमध्ये ठेवू नका, संगणकाच्या आतल्या डिस्कवर ठेवा.

आपणच केलेली टकटक

हा दोष वाचणाऱ्याचा नसतो, संगणकाचाही नसतो. लाट वर असताना कापली आणि खाली असलेल्या लाटेला जोडली तर त्या सांध्यावर टक् होतंच. ऑडॅसिटीत निवड केल्यावर 'झेड' दाबा, निवडीची टोकं लाट शून्याला छेदते तिथे सरकतात. त्याने भागलं नाही तर सांध्याच्या दोन्ही बाजूंना ५ ते १० मिलिसेकंदांचा फेड द्या, म्हणजे आवाज हळूहळू उतरवा आणि चढवा.

त्याहून चांगला उपाय म्हणजे जागा निवडून कापणं, आणि इथे आपली वर्णमाला मदतीला येते. क, ट, त, प म्हणताना वारा तोंडात क्षणभर अडतो आणि मग सुटतो. त्या अडण्याच्या क्षणी फाइलमध्ये खरी शांतता असते. झूम करून 'शिवाजी महाराजांनी तोरणा' बघा: 'नी' संपल्यावर आणि 'तो' फुटायच्या आधी रेषा सपाट झालेली दिसेल. तिथे कापा, कोणालाही कळणार नाही. 'म', 'न', 'ल' किंवा लांब स्वराच्या मध्ये कापलंत तर सांधा हमखास ऐकू येतो. आणि श्वास सगळे काढू नका. श्वास नसलेलं वाचन ऐकणाऱ्याला दमवतं.

प्रत्येक सांध्यावर टक् होत असेल तर लाटेची मधली रेषा शून्यावरून सरकलेली असू शकते. नॉर्मलाइझ इफेक्टमध्ये डीसी ऑफसेट काढायची खूण करून तो एकदा चालवा.

आता औषध

इथपर्यंत आलात आणि दोष फाइलमध्येच आहे, परत वाचून घेणं शक्य नाही, तरच इफेक्ट लावा. क्रम असा: आधी क्लिक, मग घूंऽऽ, मग सूंऽऽ, लेव्हल सर्वात शेवटी.

सुट्या क्लिकसाठी रिपेअर हा इफेक्ट. तो एका वेळी जास्तीत जास्त १२८ मापांवर चालतो, म्हणून काट्यापुरतंच निवडा. क्लिक शेकड्यांनी असतील तर क्लिक रिमूव्हल. घूंऽऽ साठी नॉच फिल्टर (तेवढाच एक स्वर कापणारा) ५० वर, गरज असेल तर १०० आणि १५० वर. बाईचा आवाज असेल तर ८० हर्ट्‌झचा हाय-पास फिल्टर (त्या आकड्याच्या खालचं कापणारा) बिनधास्त लावा, भारदस्त पुरुषी आवाजाला ६० च्या वर जाताना ऐकत ऐकत जा.

नॉइज रिडक्शनला खोलीच्या नुसत्या शांततेचा नमुना लागतो. म्हणून आमच्याकडे प्रत्येकाने रेकॉर्ड दाबल्यावर दहा सेकंद काही न बोलता बसायचं ठरलं आहे. तो नमुना निवडून प्रोफाइल घ्या, मग सगळं निवडून ६ डेसिबलने कमी करा. फार तर १२. त्या खिडकीत 'रेसिड्यू' असा पर्याय असतो, तो निवडून प्रिव्ह्यू ऐका. त्यात जे काढून टाकलं जाणार आहे तेवढंच ऐकू येतं. तिथे शब्द कळायला लागले तर तुम्ही खरखरीबरोबर वाचणाऱ्याचा आवाजही कापताय. सर्वात आधी श आणि स जातात, कारण त्यांची सळसळ आणि सूंऽऽ एकाच भागात राहतात. मग ख, घ, भ यांच्यातला ह पुसट होतो. आमची मुलं हे पुस्तक कानांनीच वाचतात. 'शाप' आणि 'साप' त्यांना स्वच्छ वेगळे ऐकू यायला हवेत. त्यासाठी मागे थोडी सूंऽऽ राहिली तरी मी ती राहू देते.

पाठवण्याआधी फाइल एक्स्पोर्ट करा, संकलनाचं सॉफ्टवेअर बंद करा आणि एक्स्पोर्ट झालेली फाइल मोबाइलवर ऐका: सुरुवात, शेवट आणि मधले सगळे सांधे. टक् ऐकू आलं तर वेळ लिहा, पाच सेकंद मागे जा आणि तीनदा ऐका.